मोरपंखी पूड

बसऱ्यातल्या आमच्या महाविद्यालयात रसायन विभाग वरच्या मजल्यावर आहे आणि माझी जंतूंची प्रयोगशाळा तळाला, जिन्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे वरून जे काही खाली येतं ते आधी माझ्या दारात येतं. गळकं पाणी, कसलेकसले वास, आणि हातात काचेच्या कुप्या घेतलेली पोरं.

कुपीत रंगीत पूड असते. कधी विटकरी, कधी गुलाबी, बहुतेकदा हिरवी.

"सित्त, एवढं जरा जंतूंवर टाकून बघता का?"

आमच्याकडे शिक्षिकेला सित्त म्हणतात आणि शिक्षकाला उस्ताद. मी बघते. बशीत जंतू पसरायचे, त्यांच्या खाद्याच्या थिजलेल्या थरात भोकं पाडायची, त्यात विरघळवलेली पूड सोडायची आणि बशी उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती स्वच्छ कडं पडलेलं दिसलं की तिथले जंतू मेले. कडं नाही पडलं, तर जंतू मजेत आहेत. कडं पडलं की वरच्या मजल्यावर आनंदीआनंद, निबंध छापायला जातो, आणि त्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: हे संयुग आशादायक आहे. इतक्या आशा माझ्या हातून गेल्या, पण त्यांतल्या एकीचंही औषध झालेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्या कुप्यांचे मुख्य धनी म्हणजे उस्ताद कहतान. थोरल्या मुलाच्या नावावरून आम्ही सगळे त्यांना अबू निझार, म्हणजे निझारचे बाबा, म्हणतो; तशी मी उम्म सिनान, सिनानची आई. बसऱ्याच्या जूनमध्येही कोट घालणारा हा एकच माणूस. बूट असे, की वाकून बघितलं तर त्यात आपला चेहरा दिसावा. त्यांचा सगळा जन्म एकाच कामात गेला. धातूचा एक अणू मधे बसवायचा आणि भोवतालून त्याला दुसऱ्या रेणूंनी धरायचं. धरणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. सगळे एकाच जातीचे असले तर काम सोपं. दोन वेगळ्या जातींचे असले की ते मिश्र-लिगंड संयुग, आणि तिथे कसब लागतं; कारण धातूला मोकळं सोडलं तर तो आवडत्या जातीचेच दोन-दोन ओढून घेतो आणि दुसऱ्याला दारात उभं करतो.

त्यांच्या हाताखाली एम. एस्सी.ला बलसम नावाची मुलगी आली. अबुल-खसीबची, खजुरांच्या बागांमधून रोज मिनीबसनं येणारी. तिचं हसणं जिन्यातून आधी उतरायचं आणि मग ती. वाद घालायची तर इतक्या गोड आवाजात, की आपण हरलो हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं.

तिच्या वाट्याला तांबं आलं. एका बाजूला तिनं स्वतः बनवलेला एक लिगंड आणि दुसऱ्या बाजूला फेनँथ्रोलिन नावाचा विकतचा पदार्थ, ज्याला पोरं लाडानं फेन म्हणतात. सुरुवातीला रोज निळी पूड निघायची. निळी निघाली की समजायचं, तांब्यानं फेन दोन्ही हातांनी धरलं आणि हिचा लिगंड तसाच राहिला.

"माझ्या लिगंडमध्ये काय वाईट आहे हो?" ती मला विचारायची, जणू स्थळ नाकारलं होतं.

शेवटी तिनं क्रम उलटा केला. आधी तांबं आणि आपला लिगंड यांना एकत्र ऊब दिली, त्यांचं नीट जमू दिलं आणि मग फेन थेंबाथेंबानं सोडायला घेतलं. त्या दिवशी नेमकी सरकारी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत चंबू गार पडला असता. बलसमनं काय करावं? विभागाचे चहाचे सगळे थर्मास उचलले आणि गरम पाणी पातेल्यात ओतून त्यात चंबू बुडवून धरला. वर कुणालाही त्या दिवशी चहा मिळाला नाही. विभागप्रमुख कोरड्या घशानं व्याख्यानाला गेले. पण संध्याकाळी चंबूच्या तळाशी पाचूसारखे हिरवे स्फटिक बसले होते. सगळ्या तपासण्या झाल्या, आलेख आले. मधे तांबं, एक इकडचा, एक तिकडचा. शंकेला जागाच नव्हती.

ती हिरवी पूड माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर एवढी मोठी कडी, की एका भोकाचं कडं शेजारच्याला जाऊन भिडलेलं. जंतूंना पळायला जागा उरली नव्हती.

त्या दिवशी अबू निझार स्वतः जिना उतरून आले, हातात बकलाव्याचा डबा.

"उम्म सिनान, तोंड गोड करा! ह्या वेळी नुसती आशा नाही. ह्या वेळी बातमी आहे."

"ह्याआधी किती बातम्या होत्या?" मी म्हटलं.

"तुमच्या जिभेला जंतूंमध्ये राहून विष चढलंय," ते हसत म्हणाले. "महाविद्यालयाच्या विज्ञान दिनाला बलसम हेच मांडणार. अधिष्ठाता येणार आहेत. बाहेरचे पाहुणेही आहेत."

ते गेले तरी बलसम तिथेच रेंगाळली. बकलाव्याचा तुकडा हातात, पण खात नव्हती.

"सित्त, एक विचारू?"

"विचार."

"नुसतं फेन टाकून बघितलं तर काय होईल?"

"उस्तादांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. आणि ते नको म्हणाले असते तर मला ऐकावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं."

मला हसू आलं. आम्ही बशी लावली. एका भोकात तिचं हिरवं संयुग, एकात नुसता तिचा लिगंड, एकात तांब्याचं साधं मीठ, एकात नुसतं फेन, आणि एकात काहीच नाही, फक्त द्रावक. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली. फेनच्या भोकाभोवती तेवढंच मोठं कडं होतं. तेवढंच कसलं, कणभर मोठंच.

बलसमनं पट्टी लावून दोन्ही कडी मोजली.

"म्हणजे मारतंय ते फेन," ती हळूच म्हणाली. "माझं तांबं आणि माझा लिगंड नुसते वऱ्हाडी."

"असं दिसतंय खरं."

"थर्मास उगाच पळवले मी."

ती वर गेली आणि तिनं उस्तादांना सांगितलं. त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत आला.

"तुला हे करायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही, उस्ताद."

"मग का केलंस?"

"कुणी विचारलं असतं तर मला उत्तर आलं नसतं म्हणून."

"कोणी विचारत नाही! इतकी वर्षं झाली, कोणी विचारलेलं नाही! जे ठरलंय ते मांड. फेनची बशी मांडायची काही गरज नाही."

विज्ञान दिनाला सभागृह भरलं होतं. पुढच्या ओळीत अधिष्ठाता, शेजारी अबू निझार, नवा कोट घालून. बलसम उभी राहिली. आधी हिरव्या संयुगाचं चित्र, मग मोठ्या कड्यांच्या बशीचं. टाळ्या पडल्या. मग तिनं पुढचं चित्र लावलं. फेनची बशी.

मी अबू निझारांच्या मानेकडे बघत होते. ती लाल झाली.

अधिष्ठात्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे बेटा, हे नवं औषध नाही?"

"नाही, साहेब. औषध म्हणाल तर फेनचं जुनंच आहे. आम्ही त्याला फक्त हिरवा सदरा शिवला."

सभागृह हसलं. अधिष्ठाताही हसले, अगदी मोकळेपणानं, आणि म्हणाले, "शिवण मात्र छान आहे!" अबू निझार तेवढे हसले नाहीत. कार्यक्रम संपल्याबरोबर ते उठून गेले.

त्यानंतर ते माझ्या दारावरून जाताना मान वळवेनात. दुपारचा आमचा चहा बंद झाला. बलसमशी फक्त कामापुरतं बोलत, तेही "तुमचं" आणि "आपण" असं. त्या अदबीनं ती बिचारी सुकून गेली.

"सित्त, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं हो!"

मग एका सकाळी अबू निझार आले. काखेत बुटांचं खोकं होतं. पण बूट नव्हते. आत कुप्याच कुप्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी.

"चहा आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी आहे."

ते बसले. नूमीचा, म्हणजे वाळवलेल्या लिंबाचा, आंबट चहा दोन घोटांत संपवला. मग खोकं माझ्या पुढे सरकवलं.

"ही माझी जुनी संयुगं. छापून आलेली. प्रत्येकाबरोबर त्याचे दोन्ही लिगंड ठेवलेत. एकेकटे टाकून बघायचे."

"सगळे?"

"सगळे. मुलीनं माझी झोप उडवलीय. एकदाचं कळू दे."

आम्ही कित्येक दिवस तेच करत होतो. बलसमला बोलावून घेतलं. ती बशा लावायची, मी कडी मोजायची, आणि अबू निझार आमच्या मागे उभे राहून चिठ्ठ्या वाचायचे. पहिली काही संयुगं धडाधड पडली. कधी एका लिगंडचंच सगळं कर्तृत्व, कधी दुसऱ्याचं. प्रत्येक पडझडीला ते "हं" म्हणायचे. मग एक तपकिरी पूड आली. तिचे दोन्ही लिगंड एकेकटे निकामी निघाले आणि संयुगाचं मात्र नीटस कडं पडलेलं. ते बघून त्यांनी मुठी आवळल्या, एखाद्या पोरानं गोल मारल्यावर आवळाव्यात तशा.

"हे खरं आहे! उम्म सिनान, एक तरी खरं आहे!"

शेवटी खरी उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अबू निझार खुर्चीत टेकले आणि एकदम हसायला लागले. कोट हलायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"इतकी वर्षं मी वऱ्हाड्यांच्या गळ्यात नवरदेवाचे हार घालत होतो," ते म्हणाले. मग बलसमकडे वळून, "आणि तू, पोरी, तुला तेव्हा मी काय काय बोललो!"

"तुम्ही दार उघडून धरलंत, उस्ताद. ते जास्त लागलं."

"पुन्हा नाही धरणार," ते म्हणाले, आणि तिथे त्यांचं मिटलं.

आता बलसमला पुढचं काम पाहिजे होतं. अबू निझारांनीच वाट काढली. दुसरा लिगंड असा घ्यायचा जो एकटा मुंगीलाही मारू शकणार नाही. म्हणजे काही झालंच तर ते संयुगाचंच श्रेय. त्यांनी निकोटिनामाइड सुचवलं. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमध्ये असतं तेच.

"हे तर माझी आई रोज सकाळी खाते!" बलसम म्हणाली.

"मग आईला बरं वाटेल."

ह्या वेळी वीज गेली नाही, थर्मास जागेवर राहिले. निकोटिनामाइड आणि तिचा लिगंड तांब्याभोवती इतक्या सहज बसले, की बलसमला शंकाच आली. पण आलेख म्हणत होते की जमलंय. पूड निघाली ती हिरवी नव्हे आणि निळीही नव्हे. मोरपंखी. कुपी उन्हात धरली की बघत राहावं.

मी बशा लावल्या. दुसऱ्या दिवशी सगळे जंतू जिथल्या तिथे, धष्टपुष्ट. एकही कडं नाही.

अबू निझारांनी बशी उलटसुलट करून पाहिली. "वा! आधीचं मारत होतं तर ते खरं नव्हतं. हे खरं आहे तर मारत नाही."

बलसम हसली, पण नेहमीचं ते हसणं नव्हतं. प्रबंध तर झाला असता. नवं संयुग होतं, ते सिद्ध झालं होतं. "जंतूंवर परिणाम नाही" हेही एक उत्तरच. पण मिनीबसमध्ये बसताना तिचे खांदे पडलेले असत.

मार्च सुरू झाला होता. खजुरांना फुलं यायचे दिवस. एका सकाळी माझ्या दारात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा, हातात सामून पावाची पिशवी. पिशवीतून असा वास येत होता, की माझे जंतूही नाक दाबतील.

"बलसम इथंच असते ना? मी तिचा खालू. मिझअल." खालू म्हणजे मामा.

बलसम धावत आली. "खालू! हे काय आणलंस?"

"तुझा नाश्ता," त्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. आत खजुराच्या फुलोऱ्याची आवरणं होती, न उमललेली, लाकडी होडीसारखी. वरून तांबूस-तपकिरी डाग. एक त्यानं चाकूनं चिरलं. आत फुलांच्या जागी सडलेला काळपट लगदा, त्यावर पांढरी पिठी.

"खयास," तो म्हणाला. "फुलोऱ्याची सड. गेल्या वर्षी दोन झाडांना होती, यंदा ओढ्याकाठची सगळी रांग गेली. तुझी आई सगळ्या गल्लीला सांगत असते, माझी मुलगी रोग मारायची औषधं बनवते. मग मार की हा! का बशीतलेच मारता तुम्ही?"

"बशीतलेही मरत नाहीत, खालू," बलसम म्हणाली.

"मग पगार कसला घेतात हे?" त्यानं माझ्याकडे बघून विचारलं.

"अजून घेत नाही ती. मी घेते," मी म्हटलं. तो ओशाळला आणि मग हसला. मी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर बलसम त्या पांढऱ्या पिठीकडे बघत होती.

"सित्त, ही बुरशी आहे ना? जंतू नव्हे?"

"बुरशी."

"आपण मोरपंखी पूड बुरशीवर टाकलीच नाही."

खरंच टाकली नव्हती. आम्ही ती पिठी बशीत वाढवली. पिठासारखी पसरत गेली, पांढरीशुभ्र, दिसायला चक्क सुंदर. मग वेगवेगळ्या बशांच्या थरातच एकेक पूड मिसळली आणि प्रत्येकीच्या मध्यावर बुरशीचा एक ठिपका ठेवला. ही बुरशी सावकाश वाढते. वाट बघण्यात बलसमनं नखं कुरतडून संपवली.

निकोटिनामाइडच्या बशीत बुरशी काठापर्यंत पोचली. तिच्या लिगंडच्या बशीत तसंच. मोरपंखीच्या बशीत मधला ठिपका होता तेवढाच, हिरमुसल्यासारखा बसून राहिलेला.

बलसमनं तोंडावर हात दाबला. मी वर ओरडले, "अबू निझार!" ते जिना दोन-दोन पायऱ्या उतरत आले. चष्मा लावला, बशा ओळीनं लावल्या, पट्टी घेऊन स्वतः मोजलं. मग काय म्हणावं?

"नुसतं तांबं? तांब्याचं मीठ टाकलंत का वेगळं? तांब्यानं बुरशी मरते हे जगाला माहीत आहे!"

बलसम आणि मी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. "टाकलंय, उस्ताद," तिनं शेवटची बशी पुढे केली. तांब्याच्या मिठानं बुरशी थोडी मागे हटली होती, पण अर्ध्याहून जास्त बशी तिनं व्यापली होती. तांबं तेवढंच, फरक मात्र डोळ्यांना दिसणारा.

"पुन्हा करा," अबू निझार म्हणाले. पुन्हा केलं. तसंच आलं. त्यांनी आणखी एकदा करायला लावलं, आणि पुन्हा तसंच आल्यावर रुमालानं चष्मा पुसायला लागले तो बराच वेळ पुसतच राहिले.

हिवाळ्याच्या तोंडावर बलसमचा प्रबंध परीक्षकांपुढे गेला. बग्दादहून आलेल्या परीक्षक बाईंनी सगळं ऐकून एकच टोचणारा प्रश्न टाकला. "बशीतली बुरशी आणि झाडावरची बुरशी, दोन्हींचं वागणं सारखं असतं का?"

"नसावं," बलसम म्हणाली. "बघावं लागेल."

ती उत्तम श्रेणीत पास झाली. बाहेर आईनं चॉकलेटं उधळली, मावशांनी कानठळ्या बसतील अशा किलकाऱ्या दिल्या. आणि पदवी हातात आल्यावरही ती पुढच्या रविवारी, आठवडा सुरू होताच, माझ्या दारात हजर. "बघायचंय ना?"

शेतकी महाविद्यालयाच्या लोकांशी बोलून परवानगी मिळवली. ही सड झाडाच्या माथ्यावर, पानांच्या बुडख्यात दबा धरून असते. फुलोरा बाहेर पडायच्या आधी आतच त्याला धरते. म्हणून फवारायचं ते थंडीतच. आता झाडं पाहिजे होती. आम्ही मिझअलच्या बागेत गेलो.

"बरही जातीची झाडं देणार नाही," तो आधीच म्हणाला. "बरहीचा खजूर आम्ही खातो, विकतो. उद्या तुमच्या निळ्या पाण्यानं कुणाचं पोट बिघडलं तर?"

"बरोबर आहे," अबू निझार म्हणाले. "खाण्याच्या झाडांवर आम्हीच मारू देणार नाही."

"मग नर घ्या. ओढ्याकाठी नरांचीच रांग आहे. नरांचं काय, त्यांना फळ लागत नाही, नुसते फुलोरा मिरवतात. एक नर सगळ्या आळीला पुरतो. दोन-चार गेले तरी बायका रडणार नाहीत."

"तू गेलास तर मीही रडणार नाही!" घरातून त्याची बायको वहीदा ओरडली.

डिसेंबरातली ती कोवळ्या उन्हाची सकाळ होती. बलसमनं सगळ्यांना हातमोजे, मुखपट्ट्या, चष्मे घालायला लावले. मिझअल म्हणाला, "हे घालून मला माझीच बकरी ओळखणार नाही." पण घातले. कमरेचा दोर खोडाभोवती टाकून तो असा वर गेला, जसा आपण जिना चढावा. पाठीवर फवारणीचा पंप. काही नरांवर मोरपंखी द्रावण, काहींवर नुसतं पाणी, तेही खायच्या रंगानं तसंच मोरपंखी केलेलं, आणि कुठल्यावर काय ते बलसमनं त्याला मुद्दाम सांगितलं नाही. म्हणजे नंतर तो आपल्या आवडीनं बघणार नाही.

पंपाची नळी गळत होती. मिझअल खाली उतरला तेव्हा त्याचा पांढरा अंगरखा पाठीवर मोरासारखा झाला होता. त्याला हसता हसता अबू निझार दोन पावलं मागे सरले, आणि नदीच्या भरतीचं पाणी नुकतंच ओसरलेल्या ओढ्याच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतले. ते बूट! त्यांनी एक पाय उचलला तर पाय वर आला, बूट आतच राहिला.

"उस्ताद, थांबा, हलू नका!" बलसम.

"मी कुठे हलतोय? मला हलता येतंय का?"

त्यांना आम्ही तिघांनी मिळून उपटलं. वहीदानं पाय धुवायला पाणी दिलं आणि मिझअलच्या प्लास्टिकच्या चपला दिल्या. त्या चपला आणि कोट घालून अबू निझार दिवसभर बागेत फिरले, आणि इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

फेब्रुवारी सरता सरता मिझअलचा फोन आला.

"या."

"काय झालं, खालू? सड आहे का?" बलसमनं विचारलं.

"फोनवर सांगणार नाही. या."

"निदान चांगलं का वाईट एवढं तरी…"

त्यानं फोन ठेवून दिला. अबुल-खसीबपर्यंतच्या वाटेत बलसम कुठल्या झाडावर काय मारलं त्याचा कागद पुन्हापुन्हा वाचत होती.

मिझअलनं फुलोरे कापून खाली चटईवर मांडले होते, झाडांप्रमाणे वेगळे ढीग. आम्ही येईपर्यंत एकही उघडला नव्हता. "तुझ्या हातानं उघड," म्हणून त्यानं चाकू बलसमच्या हातात दिला.

पहिलं आवरण चिरलं. आत काळपट लगदा. तिनं आपल्या कागदावर बघितलं. "हा पाण्याचा." दुसरं चिरलं. आवरण दुभंगलं आणि आतून पांढऱ्या कोवळ्या फुलांचा तुरा उलगडला, त्यातून परागाची धूळ उडाली, आणि ताज्या मळलेल्या पिठासारखा, जरा उग्र असा वास सगळ्या बागेत पसरला. बलसमचे हात परागानं भरले होते, म्हणून कागद मी बघितला.

"मोरपंखी," मी म्हटलं.

मग ढिगामागून ढीग उघडत गेलो. पाण्याच्या झाडांपैकी बहुतेक सडलेली. मोरपंखीची बहुतेक स्वच्छ. एका झाडानं मात्र दगा दिला. फवारणी झालेलं असून आत सड. मिझअल म्हणाला, "हे सोडून द्या, हे जन्मापासून हट्टी आहे." बलसमनं ते सोडलं नाही, तेही नोंदलं. अबू निझारांनी तिच्या खांद्यावरून वाकून तिनं खरंच लिहिलं का ते पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा कोट परागानं पिवळा-पांढरा झाला होता, पण झटकण्याचं भान त्यांना नव्हतं.

"तर मग?" मिझअलनं हात कमरेवर ठेवले. "आता बरहीवर कधी मारायचं?"

"इतक्यात नाही," अबू निझार म्हणाले. "एका बागेत, एका वर्षी चाललं. आणखी बागा, आणखी वर्षं बघायला हवीत. फळात तांबं उतरतं का ते तपासायला हवं. मातीत काय होतं ते."

"आत्ता तर म्हणालात चाललं!"

"चाललं. म्हणून तर तपासायचं."

मिझअलनं आकाशाकडे बघून हात पसरले. "शिकलेल्या माणसाला होय म्हणायला लावणं म्हणजे म्हशीला झाडावर चढवणं."

वहीदानं सुबूर मासा भाजला होता. चटईवर बसून, बोटं भाजून घेत आम्ही जेवलो. जेवता जेवता बलसमनं खडा टाकला. "खालू, फळातलं तांबं तपासायचं तर एक मादी लागेल. फक्त एक. तिचा खजूर त्या वर्षी कुणी खायचा नाही, सगळा प्रयोगशाळेत."

"बरही नाही."

"बरही नको. कुठलीही."

मिझअलनं हातातला माशाचा काटा बाजूला ठेवला. मग उठला, बागेच्या पार टोकाला गेला आणि एका वाकड्या, उंच झाडाच्या खोडावर थाप मारून ओरडला, "ही घ्या! हवी तेवढी फवारा!"

"ती कुठली आहे?" मी वहीदाला विचारलं.

वहीदा भांडी तशीच टाकून उभी राहिली होती. "मिझअल! ती माझ्या आईनं लावलीय!"

"म्हणूनच तर!" तिकडून उत्तर आलं, आणि ती उलथनं घेऊन त्याच्या मागे धावली.